वाचकांचे प्रश्न : फीवरफ्यूची ओळख आणि लागवड

शेवंतीच्या कुळातील फुलझाडांविषयी या सदरात लिहिल्यापासून फीवरफ्यू या छोट्या पांढऱ्या फुलांच्या झाडाबद्दल बरीच पत्रे आली. त्यातील काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत आणि काही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच एका झाडासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी बियांपासून फीवरफ्यूची चार रोपे वाढवली आहेत. शेजारच्या काकांनी ती पाहिली आणि "हे तर गाजरगवत, आजच्या आज उपटून टाका" असे बजावले. मी शोध घेतला, तर फीवरफ्यूच्या शास्त्रीय नावात 'पार्थेनियम' हा शब्द खरोखरच आहे, आणि गाजरगवताच्या एका इंग्रजी नावात 'फीवरफ्यू' हा शब्द आहे. रोपांना अजून कळ्या आलेल्या नाहीत. काय करावे?

उत्तर : रोपे उपटू नका, पण काकांना हसूही नका, कारण हा घोटाळा त्यांनी केलेला नाही. फीवरफ्यूचे शास्त्रीय नाव 'टॅनॅसेटम पार्थेनियम' असे आहे आणि गाजरगवताचे 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस'. शास्त्रीय नावात आडनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते असे समजा, म्हणजे गाजरगवताचे जे आडनाव आहे तेच फीवरफ्यूचे पाळण्यातले नाव आहे एवढेच लक्षात येईल. ही दोन्ही नावे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली एकाच ग्रंथात नोंदवली. फीवरफ्यूला तेव्हा 'मॅट्रिकेरिया पार्थेनियम' असे नाव मिळाले होते आणि ते झाड टॅनॅसेटम प्रजातीत 1844 मध्ये गेले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुमारिका. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर मंदिराच्या छतावरून पडलेल्या एका गुलामाला देवीने स्वप्नात सुचवलेल्या वनस्पतीने बरे केले आणि त्या कुमारिका देवीवरून वनस्पतीला हे नाव पडले, अशी कथा रोमन लेखक प्लिनी याने सांगितली आहे; मात्र ती वनस्पती आजचा फीवरफ्यूच होता, असे त्याच्या वर्णनावरून ठरवता येत नाही. उलट बाजूने, गाजरगवताला इंग्रजीत 'सांता मारिया फीवरफ्यू' असेही म्हणतात. त्यामुळे नावावरून शोध घेणारा माणूस फिरून त्याच गोंधळात येतो.

तेव्हा नाव बाजूला ठेवून पानाकडे पाहावे. फीवरफ्यूचे पान शेवंतीच्या लहान पानासारखे दिसते. त्याचा रंग पिवळसर हिरवा असतो, पानाचे भाग रुंद असतात आणि त्यांच्या कडांचे दाते बोथट, गोलसर असतात. गाजरगवताचे पान राखाडी छटेचे, लवदार आणि गाजराच्या पाल्यासारखे अरुंद भागांत फाटलेले असते, तर त्याच्या खोडावर उभ्या खाचा स्पष्ट दिसतात. फुले आल्यावर तर शंकेला जागाच राहत नाही. फीवरफ्यूचे फूल दीड ते अडीच सेंटिमीटर रुंदीचे, मधे पिवळी चकती आणि भोवती पांढऱ्या पाकळ्यांचे कडे असे छोट्या डेझीसारखे असते. गाजरगवताचे फूल जेमतेम चार मिलिमीटरचे, मळकट पांढरे असते आणि भिंगातून पाहिल्यास त्याच्या कडेला फक्त पाच इवल्या पाकळ्या पाच कोपऱ्यांसारख्या दिसतात.

पान चुरगाळून वास घेणे ही फीवरफ्यूची सर्वांत सोपी परीक्षा आहे. कापरासारखा, कडवट आणि नाकात रेंगाळणारा तो वास एकदा घेतला की विसरत नाही. पण ज्या रोपाविषयी गाजरगवताचा संशय आहे ते उघड्या हाताने चुरगाळू नये, हातमोजे घालावेत. गाजरगवतातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेवर खाज आणि चट्टे येतात. फीवरफ्यूतही त्याच रासायनिक वर्गातील पार्थेनोलाइड असते. त्यामुळे ज्यांना गाजरगवताचा त्रास झालेला आहे त्यांनी खऱ्या फीवरफ्यूलाही जपूनच हात लावावा. काकांच्या सल्ल्याचा एवढा भाग मात्र जरूर स्वीकारावा.

प्रश्न : दोनदा बी पेरले, दोन्ही वेळा एकही रोप उगवले नाही. बी ताजे होते. अर्धा इंच खोल पेरून वर माती नीट दाबली होती आणि रोज झारीने पाणी देत होते. चूक कोठे झाली?

उत्तर : चूक त्या अर्ध्या इंचातच आहे. फीवरफ्यूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे बसतात, आणि एवढ्याशा दाण्यात मातीचा थर भेदून वर येण्याइतकी शिदोरी नसते. शिवाय या बियांना रुजण्यासाठी प्रकाशाची गरज असते. अंधारात पुरलेले बी ओल मिळूनही तसेच पडून राहते आणि बहुधा कुजते.

पुढच्या वेळी असे करून पाहावे. पसरट तबकात किंवा कुंडीत चाळलेले कोकोपीट आणि चाळलेले कंपोस्ट खत समप्रमाणात भरावे, पृष्ठभाग फळीने सपाट करावा आणि बी टाकण्याआधीच ते पूर्ण भिजवून पाणी निथळू द्यावे. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळावे, म्हणजे ते एका जागी ढिगाने पडत नाही. वाळू फिकट असली तर कोठे बी पडले आणि कोठे राहिले तेही दिसते. ही वाळू वरून भुरभुरावी आणि तळहाताने हलकेच दाबावी. त्यावर माती घालू नये, चाळलेली चिमूटभरसुद्धा नाही. तबकावर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवून ते उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवावे. तापमान 18 ते 21 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर दहा ते चौदा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

झारीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. वरून पडणाऱ्या धारेने हे बी वाहून कुंडीच्या कडेला गोळा होते, आणि मग मधली जागा रिकामी पाहून आपण बियांनाच दोष देतो. त्यापेक्षा कुंडी पसरट भांड्यातल्या पाण्यात ठेवावी, वरची माती गडद झालेली दिसली की बाहेर काढावी. रोपे उगवल्यावर प्लास्टिक लगेच काढून हवा खेळू द्यावी, नाहीतर कोवळी रोपे देठाशी काळी पडून कोलमडतात. उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची दोन-तीन खरी पाने आल्यावर रोप पानाला धरून उचलावे, देठाला धरू नये. पान दुखावले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप जाते. कायमच्या जागी दोन रोपांत सुमारे 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

प्रश्न : रोपवाटिकेतून कॅमोमाइल म्हणून आणलेले रोप फुलले आहे, पण त्याचा चहा कडूजहर लागला. ते फीवरफ्यू असू शकेल का?

उत्तर : बहुधा तेच असावे. ही अदलाबदल नेहमीची आहे, आणि फुलविक्रेते फीवरफ्यूला अजूनही त्याच्या जुन्या नावाने 'मॅट्रिकेरिया' म्हणतात, जे आज कॅमोमाइलच्या प्रजातीचे नाव आहे, त्यामुळे ती वाढतच जाते.

खात्री करण्यासाठी एक फूल घ्या आणि पात्याने त्याचे पिवळ्या चकतीतून उभे दोन भाग करा. जर्मन कॅमोमाइलची चकती शंकूसारखी उंच असते आणि आत पोकळ असते. ती पोकळी नुसत्या डोळ्यांना दिसते. फीवरफ्यूची चकती चपटी किंवा किंचित फुगीर असते आणि आतून भरीव असते. पाने पाहिली तरी फरक कळतो, कारण कॅमोमाइलची पाने शेपूच्या पानांसारखी दोऱ्याइतकी बारीक असतात आणि फुलाला सफरचंदासारखा गोड वास येतो. फीवरफ्यूमध्ये गोड असे काहीच नसते. खात्री होईपर्यंत त्याचा चहा करू नये. त्याची कारणे खाली अर्धशिशीविषयीच्या प्रश्नात सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : वर्षभर उत्तम असलेले झाड सततच्या पावसात आठ दिवसांत मान टाकून बसले. पाणी कमी पडले म्हणावे तर माती ओलीच होती. उरलेल्या तीन कुंड्या वाचवायच्या आहेत.

उत्तर : ओल्या मातीत कोमेजलेले झाड पाणी मागत नसते, त्याची पाणी ओढणारी मुळेच गेलेली असतात. मेलेले झाड टाकून देण्याआधी एकदा उपटून पाहा. निरोगी मूळ पांढुरके आणि चिवट असते. कुजलेले मूळ तपकिरी, बुळबुळीत असते आणि चिमटीत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून येते व आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो. हे दिसले तर मूळकूज झाली असे निश्चित समजावे.

फीवरफ्यू मूळचा बाल्कन, अनातोलिया आणि कॉकेशस या भागांतला. तेथे तो दगडधोंड्यांच्या उतारांवर, भिंतींच्या फटींत आणि पडीक जागांत वाढतो. थंडी तो सहज सोसतो, कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी मात्र त्याला सोसवत नाही. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे आपोआप सुचते. उरलेल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आज काढा, कुंड्या विटांवर उचलून ठेवा आणि त्यांना वरून पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशा जागी न्या. पाऊस उघडल्यावर माती बदला. बागेची माती, कुजलेले खत आणि जाड वाळू समप्रमाणात असावी. पाणी देण्याआधी बोट मातीत पेराइतके खुपसून पाहावे आणि वरचा तेवढा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. ज्या झाडाने मान टाकली आहे त्याला बुरशीनाशक ओतून काही उपयोग होत नाही, तो खर्च करू नये. त्याचा एखादा शेंडा अजून ताठ असेल तर तो छाटून कलम लावावे, एवढाच उपाय उरतो.

प्रश्न : झाड गुडघ्याएवढे झाले, पानांनी गच्च भरले, पण सहा महिने झाले तरी कळी नाही. दर पंधरवड्याला खत घालतो. खत कमी पडते आहे का?

उत्तर : खत कमी पडत नाही, उलट जास्त होते आहे. नत्र भरपूर मिळाले की हे झाड पाने वाढवत बसते, देठ लांब आणि पोकळ होतात आणि शेवटी झाड आडवे पडते. लागवडीच्या वेळी एक ओंजळ गांडूळखत आणि वाढीच्या काळात एखादे वेळी पातळ खत एवढे त्याला पुष्कळ होते. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूचे फुटवे येऊन झुडूप भरीव होते. दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळते ना, हेही पाहावे. फार कडक उन्हाळ्यात दुपारची सावली त्याला मानवते.

पण न फुलण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फीवरफ्यू हे मोठ्या दिवसांचे झाड आहे. दिवस लहान असतील तर ते जमिनीलगत पानांचा घेर करून बसते आणि दिवस मोठे होऊ लागले की मगच त्यातून फुलांचे दांडे वर येतात. विषुववृत्ताजवळ बाराही महिने दिवस आणि रात्र जवळजवळ सारखीच असतात, म्हणून तिकडचे व्यावसायिक उत्पादक फुलांसाठी रात्री शेतात दिवे लावतात. माझ्याकडे एका वर्षी एकाच बियांच्या पाच कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. त्यांपैकी जिन्याच्या दिव्याखाली असलेल्या कुंडीला इतरांच्या पंधरा दिवस आधी कळ्या आल्या. तो दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असे. मी आधी तो मातीचा गुण समजलो होतो. पुढच्या वर्षी कुंड्यांची जागा बदलली, तेव्हाही दिव्याखालचीच आधी फुलली.

म्हणून बी पेरण्याची वेळ मागे मोजत ठरवावी. पेरणीपासून फुलापर्यंत साडेतीन-चार महिने लागतात आणि शेवटचा दीड-दोन महिन्यांचा काळ दिवस वाढत असताना यायला हवा. उष्ण हवामानात थंडीच्या सुरुवातीला पेरले तर हे गणित जुळते. आता आपल्या झाडापुरते सांगायचे तर खत पूर्ण थांबवा, झाड एक तृतीयांश छाटा आणि संध्याकाळनंतर चार तास त्यावर साधा दिवा राहील अशी सोय होत असेल तर तीही करून पाहा.

प्रश्न : सोनेरी पानांच्या फीवरफ्यूच्या खाली उगवलेल्या रोपांत काही सोनेरी आणि काही हिरवी आहेत. असे का?

उत्तर : 'ऑरियम' हा सोनेरी पानांचा प्रकार बियांतूनही बहुतेक तसाच उतरतो, पण जवळ साधा हिरवा फीवरफ्यू फुललेला असेल तर संकर होतो. हिरवी रोपे लहान असतानाच उपटावीत. सोनेरी रंग कोवळ्या पानांत आणि थंड हवेत सर्वांत उजळ असतो. फुले येऊ लागली की तो फिकट होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश बागांमध्ये हा प्रकार 'गोल्डन फेदर' या नावाने वाफ्यांच्या कडेला लावत आणि त्याच्या कळ्या दिसताच खुडून टाकत, कारण त्यांना फूल नको होते, पिवळी किनार हवी होती. दुहेरी पाकळ्यांच्या प्रकारांचा भरवसा मात्र बियांवर ठेवू नये, ते छाट कलमानेच वाढवावेत.

प्रश्न : मला अनेक वर्षे अर्धशिशीचा त्रास आहे. फीवरफ्यूची दोन-तीन पाने रोज चावून खाल्ल्यास तो थांबतो असे वाचले. आता घरीच झाड आहे. किती पाने, केव्हा आणि कशी खावीत?

उत्तर : पानांची संख्या मी सांगणार नाही. मी बागेविषयी लिहितो, औषध देण्याचा अधिकार मला नाही. मात्र या समजुतीमागे काय आहे आणि त्यात धोके कोणते, हे जितके ठाऊक आहे तितके सांगतो, म्हणजे आपल्याला डॉक्टरांशी नेमके बोलता येईल.

नावापासून सुरुवात करायची तर 'फीवरफ्यू' हा शब्द ताप पळवणारी अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचा अपभ्रंश आहे, पण आजची सगळी चर्चा तापाची नसून अर्धशिशीची आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात अनेक लोक स्वतःहून ही पाने खाऊ लागले होते. लंडनमध्ये 1985 साली अशाच 17 जणांची चाचणी झाली. त्यांतील काहींना वाळवलेल्या पानांच्या आणि काहींना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ कॅप्सूल दिल्या, तेव्हा दिखाऊ कॅप्सूल मिळालेल्यांची डोकेदुखी वाढली. पण हे सर्व जण आधीपासून पाने खाणारे होते, त्यामुळे ती वाढ पानांचा गुण मिळेनासा झाल्यामुळे होती की सवयीची पाने अचानक सोडल्याच्या त्रासामुळे, हे त्यातून वेगळे करता येत नाही. नॉटिंगहॅममध्ये 1988 साली 72 स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत झटके काही प्रमाणात कमी झाले. नेदरलँड्समध्ये 1996 साली अर्काच्या स्वरूपात दिल्यावर काहीच फरक पडला नाही. सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. त्यातील सर्वांत मोठ्या चाचणीत दिखाऊ औषधाच्या तुलनेत महिन्याला सरासरी 0.6 झटके कमी झालेले आढळले आणि उपलब्ध पुरावा कमी दर्जाचा असल्याचे आढाव्यात म्हटले आहे. म्हणजे परिणाम अजिबात नाही असे म्हणता येत नाही, पण ज्या खात्रीने लोक सांगतात तितका तो नाही. आणि या चाचण्या बहुतांशी मोजून भरलेल्या कॅप्सूलच्या आहेत, कुंडीतून खुडलेल्या पानांच्या नाहीत. पानातले पार्थेनोलाइड झाडागणिक, ऋतूगणिक आणि वाळवण्याच्या पद्धतीगणिक बदलते. त्यामुळेच कॅनडाच्या आरोग्य खात्याने एके काळी विक्रीच्या फीवरफ्यूत किमान 0.2 टक्के पार्थेनोलाइड असावे अशी अट सुचवली होती. दोन पाने म्हणजे नेमके किती, हे घरी मोजण्याचा मार्ग नाही.

धोक्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिता येते. ताजी पाने चावणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला तोंडात फोड येतात, जीभ सोलवटते आणि काहींची चव जाते. दीर्घकाळ खाऊन अचानक थांबवल्यास डोकेदुखी उलटून येते, झोप बिघडते आणि सांधे आखडतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर फीवरफ्यू टाळावा लागतो, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होत असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. गरोदर स्त्रियांनी तो कोणत्याही स्वरूपात घेऊ नये. पाळी आणण्यासाठी त्याचा वापर पूर्वी होत असे, हेच त्यामागचे कारण आहे. शेवंती, झेंडू, गाजरगवत यांपैकी कशाचीही अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही दूर राहावे. अनेक वर्षांची अर्धशिशी असेल तर त्यावर आज खात्रीची औषधे आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि फीवरफ्यू खाण्याचा विचार आहे हे त्यांना आवर्जून सांगा. रुग्ण नेमकी तीच गोष्ट सांगायची विसरतात.

प्रश्न : भाजीच्या वाफ्याभोवती फीवरफ्यू लावला तर कीड येत नाही असे ऐकले. शिवाय त्याच्या स्वतःच्या पानांवरच पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या आहेत. मग कीड पळते म्हणजे काय?

उत्तर : आपण प्रश्नातच उत्तर दिले आहे. कीटकनाशक पायरेथ्रिन ज्यापासून मिळते ते फीवरफ्यूचे चुलत भावंड आहे. त्याचे नाव 'टॅनॅसेटम सिनेरारीफोलियम' असून पाने रुपेरी आणि बारीक कातरलेली असतात. फुले दोघांची पांढरी-पिवळी, त्यामुळे एकाची कीर्ती दुसऱ्याला मिळाली. फीवरफ्यूच्या उग्र वासाने काही कीटक बिचकत असतील, पण भाजीचे रक्षण त्याच्यावर सोपवू नये.

त्या रेघा नागअळीच्या आहेत. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहून पोखरत जाते, म्हणून वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पान उजेडासमोर धरले तर रेघेच्या रुंद टोकाला ती अळी किंवा तिचा तपकिरी कोष दिसतो. तेथेच चिमटीने चिरडावा, किंवा पान खुडून पिशवीत बंद करून फेकावे. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या पिठासारखी बुरशी, दिसली तर झाडे दाटली आहेत असे समजून विरळ करावीत.

प्रश्न : माझे झाड तिसऱ्या वर्षात आहे. खालची खोडे लाकडासारखी झाली, मधला भाग रिकामा पडला आणि फुले चार-सहाच आली. खत-पाण्यात काही कमी नाही. त्याला पुन्हा जोम कसा आणावा?

उत्तर : त्याला आणू नये, त्याच्या फुटव्यांना आणावा. फीवरफ्यू बहुवर्षायू म्हणवतो, पण त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते आणि आपल्या झाडाने ते पूर्ण केले आहे.

थंडी ओसरत आली की बुंध्याशी नवे कोवळे फुटवे येतात. ज्यांना कळी नाही असे सात-आठ सेंटिमीटरचे फुटवे धारदार पात्याने जमिनीलगत कापावेत, खालची पाने काढावीत आणि वाळू-कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात कुंडीच्या कडेने खोचावेत. कडेला हवा आणि निचरा दोन्ही अधिक असल्यामुळे तेथे ते मधल्यापेक्षा लवकर मूळ धरतात, असा माझा अनुभव आहे. सावलीत तीन आठवडे ठेवून हलकेच ओढून पाहावे. विरोध जाणवला तर मूळ आले. जुन्या बुंध्याच्या बाहेरच्या अंगाला मुळांसह सुटणारे भाग असतील तर तेही वेगळे करून लावता येतात, मधला लाकडी गड्डा मात्र टाकून द्यावा.

मातीत रोपे आपोआप उगवलेली आहेत का, हेही पाहावे. या बियांना उडण्यासाठी म्हातारीच्या केसांसारखा तुरा नसतो, त्यामुळे त्या आईच्या पायाशीच पडतात आणि रोपेही हातभर अंतरातच सापडतात. फुटपाथच्या फटीत किंवा शेजारच्या कुंडीतही दोन-चार मिळतील. ती हवी तेवढी उचलून घ्यावीत. यापुढे एवढी रोपे नको असतील तर कोमेजलेली फुले बी धरण्याआधी कात्रीने काढत जावे, पण पुढच्या रोपांसाठी एका दांड्यावरची पाच-सहा फुले राहू द्यावीत.